पोर्शे सव्वीस लाखांत मिळतेय, घेऊ का?

या महिन्यात टपालात इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल एकही पत्र नाही. आहेत ती सगळी जुन्या, तापट गाड्यांची. चार निवडली आहेत. पहिल्याला उत्तर लांबलंय, कारण त्यात पैसे सगळ्यात जास्त अडकायचे आहेत.

प्रश्न : काका, मी बाणेरला राहतो, आयटीत आहे. कॉलेजपासून पोर्शेचं वेड आहे. मुंबईच्या एका डीलरकडे २००७ची केमन एस आलीय. मॅन्युअल गिअर, ५८,००० किमी, तिसरा मालक. सव्वीस लाख म्हणतोय, थोडं तुटेल. एवढ्यात तर हल्ली धड मोठी एसयूव्हीसुद्धा येत नाही. बायको म्हणते, घे, पण आधी वर्षाचा खर्च कागदावर लिहून आण. काय लिहू? – एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा. तुमच्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न त्यांचा आहे.

सव्वीस लाख ही गाडीची किंमत झाली. तिच्या ब्रेक डिस्कला, क्लचला आणि हेडलाइटला आपली गाडी आता सव्वीस लाखांची झालीय हे कुणी सांगितलेलं नाही. ते अजून नव्या पोर्शेच्याच भावात आहेत. तेव्हा खर्चाचा अंदाज करताना 'सव्वीस लाखांची गाडी' हा विचार बाजूला ठेवा आणि कोटीच्या वरची गाडी सांभाळतोय असं धरून चाला. जे हे करत नाहीत त्यांच्या गाड्या दोन वर्षांत परत डीलरकडे येतात आणि मग तिसरा मालक, चौथा मालक असं सुरू होतं.

भाग इथे महाग का पडतो ते एकदा समजून घ्या. ब्रेक, क्लच, सस्पेन्शनचा भाग बाहेरून रीतसर मागवला की त्यावर १५ टक्के सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर जीएसटी. तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. म्हणजे बंदरावर शंभर रुपयांना उतरलेली वस्तू कर भरून १३७ रुपये ४७ पैशांना पडते. पूर्वी १४९ रुपयांवर जायची. पुढे मागवणाऱ्याचा नफा आणि मग आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांची मजुरी. यावर एक कायदेशीर तोड आहे. पोर्शेचा क्लच बनवतं साक्स, ब्रेकचे कॅलिपर ब्रेम्बो, ऑइल फिल्टर माले. तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात मिळतो आणि बराच स्वस्त मिळतो. आम्ही तोच लावतो. मात्र 'पोर्शेचा डुप्लिकेट' म्हणून कुणी काही देऊ केलं तर हात जोडा आणि निघा.

आता इंजिन. केमन एसमध्ये ३.४ लिटरचं, आडव्या सहा सिलिंडरचं, २९५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) इंजिन आहे आणि ते तुमच्या पाठीमागे, सीट आणि मागच्या डिक्कीच्या मधे गाडलेलं असतं. या गाडीला डिक्क्या दोन, पण बॉनेट उघडून इंजिन दाखवायची सोय नाही. मागच्या डिक्कीत फक्त ऑइल आणि कूलंट ओतायची झाकणं दिसतात. बाकी सगळं काम खालून, किंवा सीटमागचा गालिचा उचलून. त्यामुळे जे काम दुसऱ्या गाडीत अर्ध्या तासाचं, ते इथे अर्ध्या दिवसाचं होतं. मजुरी ऐकून गिऱ्हाईक आमच्याकडे संशयाने बघतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

इंटरनेटवर तुम्ही 'आयएमएस बेअरिंग' हे नाव वाचलं असेलच. इंजिनच्या पोटात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा दांडा असतो, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळ्या त्याच्यावर. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं की साखळ्यांचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. साधारण २००० ते २००५ या काळातल्या एकेरी (गोळ्यांची एकच रांग असलेल्या) बेअरिंगच्या गाड्यांत हे जास्त झालं. अमेरिकेत त्यावरून २००१ ते २००५च्या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला आणि तडजोड झाली. तुमच्या २००७च्या गाडीत बेअरिंग मोठं आहे, ते सहसा टिकतं. गंमत अशी, की बदलायचं म्हटलं तर इंजिनचं केसिंग दोन भागांत फोडावं लागतं. म्हणून कुणी बदलत नाही. क्लच काढलेला असताना बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनचं ऑइल त्याला लागत राहतं. एवढंच करून घ्या.

खरी भीती मला दुसरीच आहे आणि डीलर तिच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. सिलिंडरच्या भिंती. या इंजिनात लोखंडी लायनर नाहीत. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळून केलेल्या भिंतींवरच पिस्टन घासतो. पिस्टनच्या बाजूचा लेप झिजला की भिंतीवर उभे ओरखडे पडतात. मग इंजिन गरम झाल्यावर मागून टकटक आवाज येतो, ऑइल खायला लागतं, सायलेन्सरच्या आत काजळी धरते. पार्किंगमध्ये इंजिन थंडच असेल तर यातलं काहीही कळत नाही! दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवून, पूर्ण उघडून, सिलिंडरला नवे लायनर. हा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीलाही जाऊन भिडू शकतो.

तेव्हा पैसे देण्याआधी डीलरला तीन गोष्टी सांगा. गाडी रॅम्पवर चढवा. स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत घाला आणि सहाही सिलिंडर, विशेषतः चार, पाच, सहा नंबरचे, खालून बघू द्या. आणि ऑइल फिल्टर काढा. या गाडीचा फिल्टर कागदी असतो. घड्या उलगडून उजेडात धरल्या की धातूची चकाकी आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. 'साहेब, पोर्शे आहे, काही होत नाही तिला' असं म्हणून डीलर टाळाटाळ करू लागला तर चहा पिऊन परत या. तपासणीचे पंचवीस-तीस हजार गेले तरी जाऊ देत.

बाकी नेहमीच्या कटकटी. पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. त्यांच्या समोरच्या जाळीतून पाला आत जाऊन कुजतो. बाणेर-बालेवाडीत पाल्याच्या जोडीला बांधकामाची धूळ आहे. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि रेडिएटर खालून सडतो. वर्षातून एकदा बंपर काढून ते झाडून घ्या; आमच्याकडे हे काम दिवाळीच्या साफसफाईबरोबर येतं. सस्पेन्शनचे खालचे आर्म आपल्या स्पीडब्रेकरांवर कुरकुरायला लागतात. इग्निशन कॉइलला चिरा पडतात आणि पहिल्या पावसात गाडी खोकते. सहा कॉइल आहेत, एक गेली की सहाही बदला.

आता वहिनींचा कागद. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवाल असं धरतो, आकडे माझ्याकडच्या बिलांवरून, कमीजास्त होतील. काही मोठं निघालं नाही तर दीड ते दोन लाख. त्यात आठेक लिटर ऑइल आणि फिल्टर, दरवर्षी, किलोमीटर झाले नसले तरी. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. विमा. आणि वर्षातून एखादं दुखणं. पण असं सरळ वर्ष चारात दोनदाच येतं. एखाद्या वर्षी टायर : पुढे २३५, मागे २६५ रुंदीचे, चारांचा संच लाखाच्या वर. एखाद्या वर्षी चारही डिस्क आणि पॅड : दीड-दोन लाख. एकदा क्लच : गिअरबॉक्स उतरवावा लागतो, फ्लायव्हील खराब निघालं तर अडीच लाखांपर्यंत. पाच वर्षांची सरासरी काढा, वर्षाला तीन-साडेतीन लाख लिहा. पेट्रोल यात नाही. आणि गाडी घेतानाच सहा लाखांची एफडी वेगळी करून ठेवा, गाडीच्या नावाने. ती मोडायची वेळ नाही आली तर उत्तम. ती करायची ऐपत नसेल तर मग गाडी परवडत नाही, असा माझा स्पष्ट हिशेब आहे.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता तेवढा किरकोळ : १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. पोर्शेला आणि शेजाऱ्याच्या मोठ्या सेडानला एकच दर. पण झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, एवढ्या जुन्या गाडीला देत नाहीत. म्हणजे हेडलाइट फुटला तर घसारा वजा करून जे हातात येईल त्यावर समाधान मानायचं.

आरटीओचं विसरू नका. २००७च्या गाडीची पंधरा वर्षं २०२२मध्ये संपली. पुढचं नूतनीकरण झालंय का ते आरसीवर बघा. ते पाच वर्षांसाठी असतं, म्हणजे २०२७ला परत लाइनमध्ये, आणि तेव्हा गाडीला वीस पूर्ण झालेली असतील. आरसीवर 'आयात' अशी नोंद असेल तर पंधरा वर्षांनंतरचं शुल्क ४०,००० आणि वीस वर्षांनंतरचं ८०,००० रुपये आहे. वर पर्यावरण कर. डीलरशी घासाघीस करताना हा मुद्दा काढा, तो बहुतेक त्याने विचारातच घेतला नसेल.

माझं मत विचाराल तर ही गाडी सोडा आणि २००९ किंवा नंतरची केमन एस शोधा. तिच्यात इंजिन अख्खं नवीन आहे, ३२० पीएस, इंटरमीडिएट शाफ्टच नाही, आणि सिलिंडरच्या भिंतींचं दुखणंही फारसं ऐकू येत नाही. पाच-सहा लाख जास्त जातील. ते पाच-सहा लाख तुम्ही २००७च्या गाडीवर भरणारच आहात, फक्त हप्त्या-हप्त्याने आणि मला.

प्रश्न : माझ्या मुलाने इथे २००४ची बीएमडब्ल्यू एम३ घेतली आहे. तेव्हापासून दर आठवड्याला दारात कुठली ना कुठली पेटी येते. शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये गाडीखाली उताणा. विचारलं की म्हणतो, 'आई, प्रिव्हेंटिव्ह आहे.' हे असंच चालणार का? की त्याला फसवलंय कुणी? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, फसवलेलं दिसत नाही. मुलगा गाडीबद्दल वाचतोय आणि बिघडायच्या आधी बदलतोय. ही माणसं कमी असतात.

त्याच्या गाडीत ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ८,००० आरपीएमपर्यंत ओरडतं. असं इंजिन लक्ष मागतंच. त्यातलं ऑइलसुद्धा १०डब्ल्यू-६०, वेगळ्या जातीचं. दर ३०,००० मैलांना व्हॉल्व्हचं अंतर मोजून पातळ चकत्यांनी जुळवावं लागतं. बहुतेक साध्या गाड्यांना हे काम दशकांपूर्वीच सुटलं. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं या इंजिनाची जुनी तक्रार. २००१ ते २००३च्या गाड्यांची अमेरिकेत कंपनीने स्वतः बदलून दिली होती. त्याची गाडी त्यानंतरची, पण वय झालंय, तेव्हा ती पेटी आली तर आश्चर्य नको. व्हॅनॉस म्हणून कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा असते, तिचे बोल्ट ढिले होतात. त्याचीही पेटी येणार.

हे सगळं तो स्वतः करतोय म्हणजे तुमच्या तिकडच्या तासाच्या मजुरीत फार मोठी रक्कम वाचवतोय. त्याला एकच विचारा : मागच्या एक्सलची सबफ्रेम, म्हणजे एक्सल धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला बोल्टने लागते तिथला पत्रा बघितलास का? या मॉडेलमध्ये तो तडकतो. त्यावर घरी उपाय नाही. चांगल्या वेल्डरकडून आतून पट्ट्या मारून घ्यायच्या. इंजिनवर हजारो डॉलर घालून झाल्यावर तो फाटलेला पत्रा सापडला तर पोरगं हिरमुसेल. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या दिवसांत ही गाडी बाहेर काढू देऊ नका.

आणि गाडीखाली शिरताना ती नुसत्या जॅकवर नाही ना, हे स्वतः वाकून बघा. दोन्ही बाजूंना स्टँड लावलेले असलेच पाहिजेत. यात आईने ओरडलं तरी चालतं.

प्रश्न : माझ्याकडे २००८ची पोर्शे बॉक्स्टर आहे. महिन्यातून एकदा सुला किंवा त्र्यंबकपर्यंत चक्कर. दिवाळीनंतर दोन महिने बाहेर काढली नाही तर बॅटरी पूर्ण झोपली. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेट विजेवर उघडतं! मेकॅनिक म्हणतो, बंपर कापू. काय करू? शिवाय एवढी कमी चालवतो तरी दरवर्षी सर्व्हिस करायची का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मेकॅनिकला आधी कापायची हत्यारं खाली ठेवायला सांगा.

पायाजवळच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. आत ओढून बाहेर येणारं एक पॉझिटिव्ह टर्मिनल आहे, बहुधा लाल. त्याला दुसऱ्या बॅटरीची लाल वायर लावा, काळी दाराच्या लोखंडी कडीला किंवा बिजागरीला. सायरन वाजेल, घाबरू नका, किल्लीने बंद करा. मग बॉनेटचं बटण दाबा, उघडेल. या मार्गाने गाडी सुरू करायला जाऊ नका, ती वायर तेवढा करंट झेपणारी नाही. फक्त बॉनेट उघडा आणि पुढचं काम खऱ्या बॅटरीवर करा. हे गाडीच्या पुस्तकात छापलंय. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातच असतं आणि ते कुणी वाचत नाही.

बॅटरीला हळूहळू चार्ज देत राहणारा छोटा चार्जर घ्या. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसेल तर सोसायटीच्या सभेत विषय मांडा, हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांमुळे लोक ऐकून घेतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, दरवर्षी. उभ्या गाडीचा खर्च चालत्या गाडीपेक्षा कमी नसतो, तो फक्त वेगळ्या जागी निघतो. पाच किलोमीटरच्या चकरा मारल्या की इंजिन धड तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं. ब्रेक ऑइल हवेतून ओलावा ओढतं. टाकीतलं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, तेही ओलावा ओढतं, आणि तुमची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. अर्धी टाकी महिनोन् महिने ठेवू नका. टायरची जाडी शाबूत दिसत असेल पण बाजूला चार आकडे असतात ते वाचा. '२३१८' म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवर गेलेल्या टायरवर मी स्वतः घाटात जाणार नाही. शिवाय उंदीर. बसलेल्या गाडीच्या वायरिंगवर उंदरांनी केलेल्या कामाची बिलं मी इंजिनच्या कामाइतकी झालेली बघितली आहेत.

महिन्यातून एकदाच काढायची असेल तर कसारा घाटापर्यंत जाऊन या, तासभर पूर्ण तापलेली चालवा. सुलापर्यंतच्या चकरेने फक्त तुमचं मन रमतं.

प्रश्न : लंडनमध्ये आतेभावाच्या ओळखीने २००२ची फेरारी ३६० मोडेना मिळू शकते. स्टीअरिंग उजव्या हाताला आहे. भारतात आणता येईल का आणि सांभाळायला किती लागेल? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आणता येणार नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली असावी लागते, आणि उतरते फक्त मुंबई बंदरात. २००२ची गाडी त्यात कुठेच बसत नाही. 'माझी कस्टममध्ये ओळख आहे' म्हणणारा कुणी भेटला तर त्याची ओळख तुम्ही ठेवू नका.

इथेच रीतसर कर भरून आलेली एखादी विकायला निघाली तर आधी सीमाशुल्काची कागदपत्रं मागा, गाडी नंतर बघा. सांभाळायच्या खर्चात पहिली ओळ टायमिंग बेल्टची. ३६०ला साखळी नाही, पट्टे आहेत, आणि ते गाडी चालो न चालो तीनेक वर्षांनी बदलायचेच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ३६०मध्ये सीटमागचं झाकण काढून पट्ट्यांपर्यंत हात जातो. तिच्या आधीच्या एफ३५५मध्ये याच कामाला अख्खं इंजिन खाली उतरवतात. तेव्हा कुणी ३५५ स्वस्तात देतोय म्हणाला, तर मागचे पट्टे कधी बदलले त्याचं बिल आधी मागा, तारखेसकट.